मनगटावरचे घड्याळ आणि श्वासाची लय : भोपाळच्या संदर्भात

मन शांत करण्यास साहाय्य करणारे स्मार्टवॉचवरील अ‍ॅप आता नवलाचे राहिलेले नाही. अ‍ॅपलने २०१६ मध्ये आपल्या घड्याळात 'ब्रीद' हे अ‍ॅप दिले. २०२१ मध्ये त्याचे 'माइंडफुलनेस' झाले. पडद्यावरील आकृती फुलते, मिटते, मनगटावर हलकी थरथर होते आणि त्या तालावर श्वास घ्यावा-सोडावा, अशी अपेक्षा असते.

यामागील शरीरशास्त्र असे : श्वास घेताना नाडी किंचित वाढते, सोडताना मंदावते. म्हणून उच्छ्वास लांबवणे उपयोगी पडते व मिनिटाला सुमारे ६ श्वासांची लय हितकर मानली जाते. नाडी मोजण्यासाठी घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकते. रक्त तो शोषते, त्यामुळे प्रत्येक ठोक्यागणिक परतणारा प्रकाश बदलतो. मात्र जिना चढून वाढलेली नाडी व भीतीने वाढलेली नाडी यांतील भेद त्या प्रकाशाला कळत नाही.

असे अ‍ॅप भोपाळमधील वायुपीडितांसाठी करावयाचे झाल्यास '६ श्वास' हे गृहीतकच प्रथम तपासावे लागेल. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट पसरला. वाचलेल्यांपैकी अनेकांना फुफ्फुसांचे विकार जडले, अनेकांना चिंता व नैराश्याने ग्रासले. १९९६ मध्ये सुरू झालेल्या संभावना क्लिनिकने औषधोपचारांसोबत योगालाही स्थान दिले. समोर बसलेला शिक्षक रुग्णाला धाप लागताच थांबू शकतो. घड्याळ मात्र आपला ताल चालूच ठेवते.

म्हणून अ‍ॅपने आधी त्या व्यक्तीची नेहमीची लय विचारावी आणि तेथून, झेपेल तेवढीच, ती संथ करावी. श्वास रोखण्याची सूचना नसावी. एका स्पर्शाने सारे थांबावे. 'नाडी वाढली आहे' असा इशारा मध्यरात्री देणे तर सर्वथा टाळावे. त्या रात्री झोपेतून खोकत उठलेल्या माणसाला तो शांत करणार नाही. नाडीच्या नोंदी घड्याळाबाहेर जाऊ नयेत.

राहिला प्रश्न शब्दांचा. मराठीत 'दम धरा' म्हणजे धीर धरा. परंतु 'दम लागणे' म्हणजे धाप लागणे, आणि उर्दूत 'दम घुटना' म्हणजे गुदमरणे. भोपाळमध्ये हा शब्द पडद्यावर येऊ न देणेच बरे. तेथे 'आहिस्ता' पुरेसे आहे.