ढेकणांची लाज कसली?

पाहुणे गेले, गादी उचलली आणि शिवणीत काळे ठिपके दिसले, की जीव कसा चरकतो! अलिबाग, नागाव, काशीदला आपल्यापैकी कितीतरी जणी पर्यटकांना घरच्या खोल्या देतात. मग तर बोलायचीही चोरी. पण मैत्रिणींनो, ढेकूण काही अस्वच्छतेने होत नाहीत. त्यांना हवं असतं रक्त. ते येतात बॅगांतून, जुन्या पलंगांतून. पूर्वी रेवसच्या लाँचने येणाऱ्या वळकटीतूनही यायचे.

डीडीटीने कीटक मरतात हे १९३९ साली कळलं. १९५३पासून आपल्याकडे हिवतापासाठी घरोघरी त्याची फवारणी झाली आणि ढेकूणही मेले. परंतु जे तगले, त्यांची पुढची पिढी औषधाला दाद देईना. त्यात प्रवास वाढला. २०२३ मध्ये तर पॅरिसमध्येही ढेकणांचा गाजावाजा झाला!

तेव्हा लपवू नका. चादरी, अभ्रे उकळत्या पाण्यात घाला. पलंगाच्या फटींत कडकडीत पाणी ओता. अंडी साधारण आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून आठवड्याने पुन्हा हेच करा, आणि ढेकूण दिसेनासे होईपर्यंत करत राहा. एक मात्र लक्षात ठेवा: शेतीची औषधं किंवा धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या निजायच्या खोलीत कधीही नकोत. त्या गोळ्यांच्या वायूने झोपेत माणसं दगावली आहेत. ढेकूण आटोक्यात येत नसतील, तर जाणकाराला बोलवा.

आणि हो, शेजारणीलाही सांगा. भिंतीच्या फटीतून ते तिच्याकडे जाण्याआधी तुमचा शब्द पोचलेला बरा!