खोली स्वस्त की मुक्काम स्वस्त? गाडी घेऊन शहरात राहताना करायचा हिशोब



दुकानदाराची सुट्टी आणि नोकरदाराची सुट्टी यात मोठा फरक आहे. नोकरदार फिरायला गेला तरी पगार चालू राहतो. आपण शटर खाली ओढलं की त्या दिवसाचा गल्ला शून्य, भाडं आणि हप्ता मात्र चालूच. त्यामुळे वर्षातून दोन-तीन दिवस घरच्यांसाठी काढले तर ते पार्किंग शोधण्यात आणि रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यात जायला नकोत. मुक्कामाची जागा निवडणं ही सुद्धा एक खरेदीच आहे. आपण होलसेलचा माल जसा भाव, वाहतूक आणि तूट धरून घेतो, तशीच ही खरेदी करायची.

आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ. तलवाड्याहून गेवराई, तिथून सोलापूर-धुळे हायवेने छत्रपती संभाजीनगर. गेवराईपासून साधारण ९०-९५ किलोमीटर. चार माणसं, एक छोटी कार, दोन रात्री. बघायचंय वेरूळ, घृष्णेश्वर, दौलताबाद, अजिंठा, बीबी का मकबरा आणि वेळ उरला तर गुलमंडीत खरेदी.

आधी वार ठरवा, मग खोली

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. खूप लोक हे तिथं पोचल्यावर शिकतात. आपण दुकानदार माणसं, शनिवार-रविवार आपल्या धंद्याचे. मग सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असा बेत एकदम बसतो. पर्यटकांची मोठी गर्दी शनिवार-रविवारी असते, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवशी खोलीच्या भावात बोलायलाही जागा मिळते. फक्त श्रावणी सोमवार टाळा. घृष्णेश्वर ज्योतिर्लिंग आहे, त्या दिवशी वेरूळचा रस्ता भाविकांनी भरलेला असतो.

चांगलं लोकेशन म्हणजे शहराचा मध्य नव्हे

लॉजवाला फोनवर म्हणतो, "साहेब, एकदम मध्यात आहे." आपल्याला मध्य काय करायचाय? सकाळी गाडी कुठल्या दिशेला निघणार, ते बघा.

वेरूळ शहराच्या वायव्येला, साधारण ३० किलोमीटरवर. रस्ता नगर नाका, छावणी, पडेगाव, दौलताबाद असा जातो. त्यासाठी रेल्वे स्टेशन, पदमपुरा हा भाग सोयीचा. अजिंठा उत्तरेला, साधारण १०० किलोमीटर. रस्ता हर्सूल टी पॉइंटवरून फुलंब्री, सिल्लोड असा. त्याला सिडको बसस्थानक, जळगाव रोड ही बाजू सोयीची.

आता दोन्ही ठिकाणी जायचंय, तर जवळ कुठल्या बाजूला राहायचं? ज्या दिवशी लांब जायचंय, त्या दिवसाला मान द्या. अजिंठ्याला दोन-अडीच तास लागतात. खाजगी गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटवर लावावी लागते आणि तिथून एसटीच्या बसने लेण्यांपर्यंत जावं लागतं. म्हणजे सकाळी लवकर निघणं भाग आहे. सिडको बाजूला राहिलात तर सकाळच्या गर्दीत अख्खं शहर ओलांडायची गरज नाही. वेरूळ जवळ आहे, त्या दिवशी अर्धा तास इकडचा तिकडे झाला तरी चालतो.

सिटी चौक, शहागंज, गुलमंडी हा जुना भाग बघायला छान, पण तिथं गाडी घेऊन मुक्काम करू नका. गल्ल्या अरुंद, जुने दरवाजे अरुंद. तिकडे संध्याकाळी रिक्षाने जा, हिमरू शाल बघा, जेवण करा आणि परत या.

एक हिशोब कागदावर मांडा

खालचे आकडे उदाहरणासाठी घेतलेत. तुम्ही फोन करून मिळालेले खरे आकडे त्या जागी टाका.

पहिला लॉज: खोली ११०० रुपये, दोन रात्रींचे २२००. त्यावर ५ टक्के जीएसटी ११०. स्वतःची पार्किंग नाही, बाहेर गाडी लावायचे रात्रीचे १०० प्रमाणे २००. गाडी लांब म्हणून रिक्षाच्या चार फेऱ्या, ८० प्रमाणे ३२०. चौघांचा नाश्ता बाहेर, दोन दिवसांचे ४००. एकूण ३२३०.

दुसरा लॉज: खोली १४००, दोन रात्रींचे २८००. जीएसटी १४०. आवारात पार्किंग, नाश्ता भाड्यातच. एकूण २९४०.

फलकावर ३०० रुपयांनी महाग दिसणारी खोली शेवटी २९० रुपयांनी स्वस्त पडली. वर रोज सकाळी गाडीपर्यंत चालत जायचा वेळ वाचला तो वेगळा. दरवेळी महाग खोलीच परवडेल असं नाही. कधी उलटंही निघेल. पण मांडल्याशिवाय ते कळत नाही.

जीएसटीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं ७५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. कुणी अजून १२ टक्के लावत असेल तर बिल मागा. आणि ज्याची जीएसटी नोंदणीच नाही, त्याला जीएसटीच्या नावाने पैसे घेता येत नाहीत. "टॅक्स वेगळा" म्हटलं की बिलावर नंबर आहे का, ते बघायचं.

"पार्किंग आहे का?" हा प्रश्न चुकीचा आहे

कारण उत्तर नेहमी "आहे" असंच येतं. लॉजसमोरचा रस्ता पण पार्किंग आणि शेजारचा रिकामा प्लॉट पण पार्किंग. म्हणून प्रश्न असे विचारा:

१. गाडी तुमच्या आवारात लागते की रस्त्यावर?
२. एकूण किती गाड्या बसतात आणि खोल्या किती?
३. एकामागे एक लावतात का? सकाळी सहाला निघायचं तर मागची गाडी कोण काढणार?
४. किल्ली तुमच्याकडे ठेवावी लागते का?
५. रात्री गेट किती वाजता बंद होतं? माणूस असतो का, कॅमेरा आहे का?
६. पार्किंगचे पैसे वेगळे आहेत का?

दुसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. वीस खोल्या आणि पाच गाड्यांची जागा असेल, तर रात्री नऊला पोचणाऱ्याची गाडी बाहेरच राहणार, हे गणित सरळ आहे.

किल्लीच्या प्रश्नामागे कायदा आहे. १९९८ मध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलमध्ये पाहुण्याने गाडी हॉटेलच्या माणसाकडे लावायला दिली आणि ती चोरीला गेली. पावतीवर छापलं होतं की जबाबदारी गाडीमालकाची. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की किल्ली घेऊन गाडी ताब्यात घेतली असेल, तर नुसतं "मालकाच्या जबाबदारीवर" असं छापून हॉटेलला आपल्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही. मात्र गाडी तुम्ही स्वतः लावली आणि किल्ली तुमच्याच खिशात असेल, तर गोष्ट वेगळी होते. म्हणून किल्ली दिली तर पावती घ्या आणि गाडीचा एक फोटो काढून ठेवा.

बुकिंग करताना

अ‍ॅपवर भाव बघा, पण लगेच पैसे भरू नका. बुकिंगवर अ‍ॅप लॉजवाल्याकडून कमिशन घेतं. त्यामुळे थेट फोन केला तर तो भाव कमी करतो किंवा नाश्ता त्यातच देतो. मात्र फोन नंबर दोन ठिकाणी ताडून बघा. हॉटेलच्या नावाने खोटे नंबर टाकून फसवणारे आहेत. कुणी पूर्ण रक्कम आधी मागत असेल आणि क्यूआर कोडवर भलत्याच माणसाचं नाव येत असेल, तर थांबा.

अभिप्राय वाचताना पाच स्टारवाले सोडा, दोन आणि तीन स्टारवाले अलीकडचे वाचा. खरी माहिती तिथं असते: पाणी, आवाज, पार्किंग. पाहुण्यांनी टाकलेले फोटो बघा. आणखी तीन गोष्टी विचारून घ्या. चेकआउट दुपारी बाराला की चोवीस तासांचं? गरम पाणी किती वाजल्यापासून? जादा गादीचे किती? ओळखपत्र द्यावंच लागतं. आधारची मास्क केलेली प्रत चालते का ते विचारा, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

आता यात आपल्या धंद्याचं काय?

तुम्ही पाच ठिकाणी फोन लावाल. एक जण उचलणार नाही. एक जण "येऊन बघा" म्हणेल. एक जण नीट उत्तरं देईल आणि वर सांगेल, "दादा, सकाळी लवकर निघणार असाल तर गाडी गेटजवळ लावायला सांगतो." तुम्ही कुणाकडे जाल? तो शंभर रुपये जास्त घेत असला तरी जाल. त्याने खोली विकली नाही, तुमची काळजी मिटवली.

हेच आपल्या दुकानात लागू होतं. ग्राहक भाव विचारतो, पण त्याच्या मनात वेगळीच काळजी असते: वस्तू टिकेल का, बिघडली तर कोण बघणार, घरी पोच मिळेल का. त्याने विचारायच्या आत तुम्ही सांगितलं, की भावाची घासाघीस कमी होते.

तलवाड्यात त्वरिता देवीच्या दर्शनाला नवरात्रात बाहेरगावचे लोक येतात. घरातल्या दोन खोल्या भाड्याने द्यायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल, तर वरचे सहा प्रश्न उलटे करा. तीच तुमच्या तयारीची यादी. रंगरंगोटीच्या आधी दोन गाड्यांची जागा मोकळी करा आणि फोन उचलायला माणूस ठरवा. राज्यात निवास व न्याहारी योजनाही आहे, तिची चौकशी करा.

या आठवड्याचं काम

कुठल्याही एका शहरातले तीन लॉज निवडा, तिघांना फोन करा, सहा प्रश्न विचारा आणि एकूण खर्चाचा हिशोब वहीत लिहा. मग चौथ्या रकान्यात लिहा: कुणाचं बोलणं ऐकून विश्वास वाटला आणि कुठल्या वाक्याला. ते वाक्य तुमच्या धंद्याच्या भाषेत लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढचा ग्राहक आला की ते वापरायचं आहे.