आठवीतील बीजगणित

अमेरिकेत हायस्कूलची चार वर्षे इयत्ता नववीपासून बारावीपर्यंत असतात. या काळात शिकलेल्या प्रत्येक विषयाची श्रेणी एका गुणपत्रकात नोंदविली जाते व महाविद्यालये प्रवेश देताना ते बारकाईने पाहतात. सातवी-आठवीच्या श्रेणी त्यात सहसा येत नाहीत.

परंतु गणितात पुढे असलेली मुले कधी कधी आठवीतच हायस्कूलचे बीजगणित शिकतात. व्हर्जिनिया राज्यात अशा मुलांस त्या विषयाचे हायस्कूलचे श्रेय मिळते. त्याबरोबर तेराव्या वर्षी मिळालेली श्रेणीही गुणपत्रकात येऊन बसते.

ती श्रेणी सरासरीत धरली तर काय होते? ‘ए’ श्रेणीस ४, ‘बी’स ३ व ‘सी’स २ अंक देतात. समजा, एखाद्या मुलीस आठवीत बीजगणितात ‘सी’ मिळाली आणि नववीत सहाही विषयांत ‘ए’ मिळाली. सहा विषयांची सरासरी पूर्ण ४ झाली असती. सात विषय धरताच एकूण २६ अंकांची सरासरी सुमारे ३.७१ होते. वर्षभराच्या मेहनतीवर जुन्या श्रेणीची ही सावली!

यावर व्हर्जिनियाने एक वाट ठेवली आहे. पालकांनी विनंती केल्यास ती श्रेणी गुणपत्रकातून वगळता येते. नियम शहाणपणाचा खरा, पण फुकटचा नव्हे. श्रेणीबरोबर श्रेयही जाते, आणि ते हवे असल्यास तेच बीजगणित पुन्हा शिकावे लागते. विनंती कशी करावी, हे स्थानिक शाळामंडळ ठरविते.