तीन डाव, अठरा बळी

नोव्हेंबर १९८४. इंदिरा गांधींच्या हत्येला महिनाही उलटला नव्हता. त्यात मुंबई कसोटीच्या आदल्या दिवशी ब्रिटनचे उपउच्चायुक्त पर्सी नॉरिस यांची मुंबईतच हत्या झाली. इंग्लंडचा संघ तरीही वानखेडेवर उतरला आणि मद्रासच्या एका अठरा वर्षांच्या पोरासमोर कोसळला.

लेगस्पिनर लक्ष्मण शिवरामकृष्णन. पहिल्या डावात ६४ धावांत ६ बळी, दुसऱ्यात ११७ धावांत ६. रवी शास्त्रीने १४२ आणि सय्यद किरमाणीने १०२ धावा करून पाया घातला होता, पण सामना काढला तो शिवाने. १९८१ नंतर भारताने जिंकलेली ही पहिलीच कसोटी. पुढच्याच दिल्ली कसोटीत त्याने पहिल्या डावात ९९ धावांत पुन्हा ६ बळी घेतले.

आता त्याची पूर्ण कारकीर्द पाहा : ९ कसोटी, २६ बळी, सरासरी ४४. म्हणजे लागोपाठच्या तीन डावांत १८ आणि उरलेल्या सगळ्या कसोटी आयुष्यात ८. शेवटची कसोटी सिडनीत, जानेवारी १९८६. तेव्हा त्याला विसावं वर्ष नुकतंच पूर्ण झालं होतं.

‘पोरगं हवेत गेलं’ हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर. ते मला कधीच पटलेलं नाही; खरं कारण मैदानातच दिसतं. शिवा अंगाने लहानखुरा. उंच गोलंदाजाला उसळी आपसूक मिळते, याला ती हवेतूनच कमवावी लागे. चेंडू फलंदाजाच्या डोळ्यांच्या रेषेवरून जायचा, मग अपेक्षेआधी खाली यायचा, आणि पुढे आलेला फलंदाज चेंडूपर्यंत पोहोचायचाच नाही. जोडीला गुगली होतीच. पण या साऱ्या खेळाची भिस्त चेंडूला उंची द्यायच्या धाडसावर होती. दोन चौकार बसले की हात आपोआप सपाट चालतो. सपाट लेगस्पिन म्हणजे फलंदाजाला मागे सरून खेळायला मिळालेला निवांत वेळ.

इंग्लंडने ते ओळखलं. माइक गॅटिंगने मुंबईतल्या दुसऱ्या डावातच १३६ धावा करून वाट दाखवली होती. दिल्लीत टिम रॉबिन्सनने १६० केल्या. मद्रासला, शिवाच्या घरच्या मैदानावर, फाउलरने २०१ आणि गॅटिंगने २०७ धावा फटकावल्या. इंग्लंड ७ बाद ६५२. मालिका भारताने १-२ अशी गमावली.

तरी १९८५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातल्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये तो पुन्हा फुलला. मेलबर्नच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानच्या जावेद मियांदादला त्याने पुढे खेचलं आणि सदानंद विश्वनाथने यष्टिचीत केलं. त्या स्पर्धेत त्याने १० बळी घेतले. एकदिवसीय सामन्यात लेगस्पिनर म्हणजे चैन, असं मानण्याचा तो काळ. कर्णधार गावस्करने त्याच्या हाती बिनधास्त चेंडू दिला. स्पर्धेनंतर गावस्करने कर्णधारपद सोडलं. लेगस्पिनरला कर्णधाराचा विश्वास जितका लागतो तितका दुसऱ्या कुणाही गोलंदाजाला लागत नाही, म्हणून हा बदल मला आकड्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्यानंतरच्या कसोटींत त्याला जेमतेम ३ बळी मिळाले. १९८७ च्या विश्वचषक संघात तो होता, पण तो शिवा राहिला नव्हता.

खरा घोळ त्याआधीचा आहे. सोळाव्या वर्षी रणजी पदार्पणात त्याने दिल्लीविरुद्ध २८ धावांत ७ बळी घेतले आणि सतराव्या वर्षी तो अँटिगात वेस्ट इंडिजसमोर कसोटी खेळत होता. पदरी ९५ धावा, बळी शून्य. लेगस्पिन मनगट, खांदा आणि बोटं यांच्या एकत्र लयीवर चालते. वाढत्या अंगात ती लय रोज थोडी सरकते. ती हरवली की पुन्हा कुठून सुरुवात करायची, हे शेजारी उभं राहून सांगणारा जाणता माणूस लागतो. त्या काळी भारतीय संघासोबत असा फिरकी प्रशिक्षक नसे. मुलगा बळी घेई तोवर खेळे, थांबला की बाहेर.

जानेवारी १९८८ मध्ये मद्रासलाच लेगस्पिनर नरेंद्र हिरवाणीने पदार्पणात १३६ धावांत १६ बळी घेतले. तोही १७ कसोटींवर थांबला. तरीही आपण काही शिकलो, असं दिसलं नाही.

जानेवारी १९९२ मध्ये सिडनीला, शिवाने शेवटची कसोटी खेळलेल्या त्याच मैदानावर, शेन वॉर्नने पदार्पण केलं. त्याच्या १५० धावा कुटल्या गेल्या. मिळालेला एकमेव बळी २०६ धावा करून बाद झालेल्या रवी शास्त्रीचा. पुढे वॉर्न प्रशिक्षक टेरी जेनरकडे परतला, घोटून घोटून गोलंदाजी घडवली, आणि ७०८ बळींवर थांबला. वॉर्न त्या दिवशी बावीस वर्षांचा होता. शिवा सव्वीस वर्षांचा, लेगस्पिनर हाताशी येऊ लागतो त्या वयाचा, आणि त्याला शेवटची कसोटी खेळून सहा वर्षं झाली होती.