जुन्या जीपचा जमाखर्च

मी काही गाड्यांमधला जाणकार नव्हे. बी.ए.ला मराठी घेतलं, हायस्कूलच्या कार्यालयात कारकुनी धरली आणि उरलेल्या वेळात कविता लिहिल्या. तरीही आज मी तुमच्याशी जुन्या जीपविषयी बोलणार आहे. या विषयाची फी मी भरली आहे आणि तिच्या पावत्या आमच्या घरी आहेत.

आमचं गाव दापोली तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून पाच किलोमीटर आत. वाट जांभ्या दगडाची, मधे एक ओढा. एस.टी. फाट्यावर थांबायची. अम्मीचं वय वाढत चाललं होतं आणि घर सोडायला ती तयार नव्हती. म्हणून २०१६ साली मी १९९९ च्या बनावटीची, चारही चाकांना जोर देणारी डिझेल जीप घेतली. किंमत एक लाख साठ हजार. नव्या गाडीच्या मानाने ही तर लूटच, असं मला वाटलं. पत्नीने मात्र त्याच दिवशी एक दोनशेपानी वही आणली आणि पहिल्या पानावर आकडा लिहिला. मी म्हटलं, "झाला की खर्च." ती म्हणाली, "हा पहिला हप्ता आहे."

जीप ही मुळात युद्धात जन्मलेली गाडी. दुसऱ्या महायुद्धात विलीस आणि फोर्ड या कारखान्यांनी अमेरिकी सैन्यासाठी ती लाखोंच्या संख्येने बनवली. कुठेही जावी आणि कुठेही दुरुस्त व्हावी, असा तिचा साधा बांधा. त्यामुळे आपला समज होतो, की जीपला म्हातारपण नाही. जीप दुरुस्त होते हे खरं. पण दुरुस्त होते याचा अर्थ दुरुस्त करावी लागते, एवढाच असतो.

पहिल्या वर्षाची यादी वाचून दाखवतो. क्लच ९,०००. स्टेपनी धरून पाच टायर ३२,०००. बॅटरी ६,५००. ब्रेक ७,५००. स्टिअरिंग आणि किंगपिन ११,०००. गंजलेला तळाचा पत्रा कापून नवा जोडणं १८,०००. एकूण ८४,०००, म्हणजे खरेदीच्या निम्म्याहून अधिक.

टायरची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. नक्षी चांगली खोल होती, म्हणून मी खूश होतो. गॅरेजमधल्या उस्तादांनी टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३०९ म्हणजे २००९ सालातला तेविसावा आठवडा. "सर, टायर धावून झिजला नाही, उभा राहून म्हातारा झालाय," ते म्हणाले. रबराला बारीक चिरा पडल्या होत्या. किलोमीटरचा काटा कमी दाखवतो म्हणून गाडी तरुण ठरत नाही. रबरी नळ्या, ऑइल सील, वायरींवरचं आवरण ही सगळी नुसत्या काळाने मरतात. त्यात आमची खारी हवा. गंज बाहेरच्या रंगावर दिसतो तेव्हा तो आत, चेसिसच्या सांध्यांत, कधीच मुक्कामाला आलेला असतो.

दुसरी गोष्ट अशी, की जुन्या गाडीत सगळे भाग एकमेकांना सांभाळून चालत असतात. रेडिएटर साफ करून पाण्याचा पंप नवा घातला, तर आठवड्यात जुनी नळी फुटली. एक भाग नवा झाला की शेजारच्याचं वय उघडं पडतं.

चारचाकी जोराच्या गाडीत नेहमीच्या गाडीपेक्षा यंत्रंही जास्त. पुढच्या चाकांसाठी वेगळा डिफरन्शियल, वेगळा शाफ्ट, त्याचे क्रॉस, आणि इंजिनाचा जोर पुढे-मागे वाटून देणारा ट्रान्स्फर गिअरबॉक्स. प्रत्येकाचं तेल वेगळं, ग्रीस वेगळं. ओढ्याच्या पाण्यातून गाडी वारंवार नेली आणि पाणी आत शिरलं, तर डिफरन्शियलचं तेल ताकासारखं पांढरट होतं. ते वेळीच बदललं नाही, तर आतले दाते खलास.

आणि इथेच माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. पावसात गाडी घसरू नये, म्हणून मी डांबरी रस्त्यावरही चारचाकी जोर चालू ठेवायचो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेर घेतात. माझ्यासारख्या जीपमध्ये हा फरक सामावून घेणारं यंत्र मधे नसतं. चिखलात चाक थोडं घसरतं आणि ताण निघून जातो. डांबरावर चाक घसरत नाही, सगळा ताण क्रॉसवर आणि गिअरच्या दात्यांवर येतो. दोन पावसाळे मी हे इमानेइतबारे केलं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ट्रान्स्फर बॉक्स गेला. जुन्या मॉडेलचा भाग मुंबईहून शोधून आणायचा होता. जीप गॅरेजमध्ये अकरा दिवस उभी राहिली.

त्यातल्या नवव्या रात्री अम्मी अंगणातल्या शेवाळावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. रुग्णवाहिका फाट्यापर्यंत येऊ शकत होती, तिथवरचे पाच किलोमीटर आमचे होते. पूर्वी शेजारच्या वाडीतला एक भाडेवाला रात्री-अपरात्री यायचा. आम्ही जीप घेतल्यावर त्याला बोलावणं बंद केलं होतं, त्याने गाडी खेडला शाळेच्या मुलांसाठी लावली होती. शेवटी पहाटे ओढ्यापलीकडून एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत गाद्या अंथरून अम्मीला नेलं. तीन तास गेले होते. वाटेत तिने एकदाच विचारलं, "आपली जीप कुठंय?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं. शस्त्रक्रिया झाली, अम्मी पुन्हा चालू लागली. पण काठी कायमची आली.

जुन्या गाडीची खरी किंमत मला त्या रात्री कळली. ती दारात आहे या भरवशावर आपण बाकीच्या सोयी मोडून टाकतो. हा खर्च कोणत्याच पावतीवर येत नाही.

वर्ष भरल्यावर, २०१९ मध्ये, पत्नीने तीन वर्षांची बेरीज मांडली. दुरुस्ती १,९२,०००. डिझेल ७१,५००. विमा आणि कागदपत्रं २६,०००. गाडीची उतरलेली किंमत ४०,०००. एकूण ३,२९,५००. गाडी चालली ११,००० किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला तीस रुपये. तेव्हा भाड्याची जीप चौदा रुपयांत मिळत होती.

कागदांचा खर्चही समजून घ्या. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावं लागतं, आपल्या राज्यात पर्यावरण कर वेगळा. नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ती १०,००० करण्यात आली. तृतीय पक्ष विमा सक्तीचा. १५०० सीसीहून मोठ्या खासगी मोटारीला २०२२ मध्ये ठरलेला त्याचा दर वर्षाला ७,८९७ रुपये. हा विमा समोरच्याचं नुकसान भरून देतो, तुमच्या गाडीचं नाही.

तरीही कुणाला जुनी जीप घ्यायचीच असेल, तर माझं एवढं ऐका. रंग बघू नका, गाडीखाली झोपून चेसिस बघा. डिफरन्शियलचं थोडं तेल काढून रंग पाहा. टायरवरचे चार आकडे वाचा. चेसिस आणि इंजिनाचे क्रमांक कागदाशी ताडून घ्या, कर्जाचा बोजा उतरला आहे का ते बघा. खरेदीच्या निम्मी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा, ती नसेल तर गाडी तुम्हाला परवडत नाही असं समजा. आणि घरात गाडी आली, तरी भाडेवाल्याशी संबंध तोडू नका.

आमची जीप अजून आहे. २०२४ मध्ये नूतनीकरणाआधी आम्ही दोघं वही घेऊन बसलो. पत्नी म्हणाली, "ठेवायची तर हौस म्हणून ठेवा, आधार म्हणून नको." मी मान्य केलं. आता स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन भाडेवाल्यांचे आणि एका ट्रॅक्टरवाल्याचे नंबर लिहिले आहेत. पुढचं नूतनीकरण २०२९ मध्ये. त्याचे दहा हजार वहीत आजच मांडून ठेवले आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)