म्युनिकची नात, भोपाळचा हिवाळा

युरोपातले सायकलपटू हिवाळ्यात घर सोडून दक्षिणेकडे जातात, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. स्पेनचं मायोर्का बेट आणि त्याच देशाच्या किनाऱ्यावरचं काल्पे गाव ही त्यांची ठरलेली ठिकाणं. जानेवारीत तिथे दिवसा १५-१६ अंश तापमान असतं, उजेड बराच वेळ टिकतो, आणि व्यावसायिक संघ हॉटेलंच्या हॉटेलं भरून टाकतात. युरोपातल्या शर्यती फेब्रुवारी-मार्चपासून जोर धरतात. त्याआधी रोज चार-चार तास संथ सायकल चालवून दम कमवायचा असतो, आणि बर्फात ते जमत नाही.

आमची वीस वर्षांची नात म्युनिकला एका क्लबच्या शर्यतसंघात आहे. गेल्या डिसेंबरात ती मायोर्काऐवजी सहा आठवड्यांसाठी आमच्याकडे, अयोध्या नगरात आली. मायोर्काचा खर्च परवडण्यासारखा नव्हता, हे एक कारण. दुसरं आणि मोठं कारण तिचा श्वास. गोठवणाऱ्या कोरड्या हवेत जोर लावला की तिची छाती आवळते आणि तासन् तास खोकला थांबत नाही. श्रमामुळे श्वासनलिका आकुंचन पावतात. थंड प्रदेशातल्या खेळाडूंमध्ये हे बरंच आढळतं म्हणे. आदला हिवाळा तिने खोलीत सायकल स्टँडला लावून काढला आणि मार्चमधल्या दोन शर्यती अर्ध्यावर सोडल्या. यंदाही तसंच झालं तर संघातली जागा जाणार, हे तिला स्पष्ट सांगितलेलं होतं.

आमच्या चिरंजीवांचा या बेताला विरोध होता. ‘‘बाबा, कॅम्पला प्रशिक्षक असतो, सोबत असते. भोपाळला काय आहे? आजीचे लाड आणि बायपासचे ट्रक.’’ दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

ट्रकांचं आधी सांगतो. अयोध्या बायपासवर सायकल चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. (या बायपासच्या एका टोकाला रत्नागिरी तिराहा आहे. नाव ऐकून आंबे आणि समुद्र आठवणाऱ्यांनी तिथली धूळ एकदा खाऊन बघावी.) मग असं ठरलं, की सायकल मोटारीत घालून मी तिला विदिशा रस्त्यावर सूखी सेवनियाच्या पुढे सोडायचं आणि तिने तिथून सांचीकडे निघायचं. वाटेत दीवानगंजजवळ कर्कवृत्त रस्ता ओलांडतं. तिथे खूण केलेली आहे, लोक फोटो काढायला थांबतात. ही बाई रोज उष्ण कटिबंधातून समशीतोष्णात जायची आणि परत यायची. मी टपरीवर चहा घेत घड्याळ बघत बसायचो. ती परत दिसेपर्यंत पेपरातली एक ओळ डोक्यात शिरत नसे, हे तिच्या आजीला मी अजून सांगितलेलं नाही.

श्वासाचं गणित मात्र आम्हाला वाटलं तेवढं सोपं निघालं नाही. भोपाळची जानेवारीतली पहाट १०-११ अंशांची. म्युनिकहून आलेल्या माणसाला ती वसंतासारखी. म्हणून पहिले तीन दिवस ती सहालाच निघाली, आणि खोकला तसाच! थंडीच्या दिवसांत जमिनीलगतची गार हवा हलत नाही. शेकोट्यांचा, जळत्या कचऱ्याचा, गाड्यांचा धूर तिथेच कोंडून राहतो. वर कोहरा असला की समोरचं वाहनही दिसत नाही. ऊन चढलं की हवा हलते आणि धूर विरतो. मग वेळ बदलली. साडेनऊला नाश्ता करून निघायचं, दोनपर्यंत परत. तापमान २०-२५ अंश. डिसेंबरातल्या सगळ्यांत लहान दिवशीही इथे साडेदहा तासांपेक्षा जास्त उजेड असतो, म्युनिकला जेमतेम सव्वाआठ-साडेआठ. चौथ्या दिवसानंतर खोकला गेला.

आणखी एक गंमत. म्युनिक आणि भोपाळ ही दोन्ही शहरं समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटरवर. म्हणजे उंचीचा फरक नाहीच. पण शून्य अंशाची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा आठ-नऊ टक्के दाट असते आणि सायकलस्वाराचा बराचसा जोर हवा कापण्यातच जातो. त्यामुळे इथे तेवढ्याच ताकदीत वेग जास्त दिसतो. पहिल्या आठवड्यात मी खूष होऊन आकडे घरी कळवत होतो. नात म्हणाली, ‘‘आजोबा, किलोमीटर नका बघू, वॉट बघा.’’ पेडलला लावलेलं यंत्र पायांची ताकद मोजतं, ते हवेवर अवलंबून नसतं.

उबदार आणि गरम यांतही फरक आहे. उन्हाची सवय व्हायला खऱ्या उष्म्यात १०-१४ दिवस घालवावे लागतात आणि थंड प्रदेशात परतल्यावर ती काही आठवड्यांत ओसरते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ ही शर्यत पूर्ण केली. ती जूनमध्ये असते आणि सुरुवातीलाच वाळवंट लागतं. तशा तयारीला आपला मे महिना हवा, डिसेंबर नाही. उलट जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात आंतरराष्ट्रीय पातळीची ‘पुणे ग्रँड टूर’ झाली. शर्यतीसाठी इथला सगळ्यांत सोयीचा काळ हाच.

लाडांचं म्हणाल, तर आजीने त्याचाही उपयोग करून दाखवला. लांब पल्ल्यात तासाला ६० ग्रॅम किंवा जास्त पिष्टमय-गोड पदार्थ पोटात जावे लागतात. विकतच्या महागड्या जेलऐवजी नातीच्या खिशात केळी आणि बिनतुपाची गुळपोळी असायची. तीळ मात्र तिने घरी आल्यावरच खाल्ले; स्निग्ध पदार्थ चालत्या सायकलवर पचत नाहीत.

चिरंजीवांचं एक म्हणणं शेवटपर्यंत खरं राहिलं. घोळक्यात चाकाला चाक लावून जाण्याचा सराव इथे झाला नाही. लांबलचक घाटही नाहीत. श्यामला हिल्सचा चढ दहा वेळा चढला तरी तो आल्प्स होत नाही. मार्चमधल्या पहिल्या शर्यतीत घोळक्यात ती बिचकली आणि मागे पडली. पण शर्यत पूर्ण केली, त्यानंतरच्या दोन्हीही केल्या, आणि संघातली जागा राहिली. एप्रिलमधल्या एका गारठलेल्या पावसाळी दिवशी खोकला पुन्हा आला, म्हणजे आजार काही गेलेला नाही.

यंदा तिच्या संघातल्या दोघी मैत्रिणी सोबत येऊ म्हणताहेत. तेवढीच घोळक्याची सोय. चिरंजीवांनी परवा स्वतःहून फोन करून विचारलं, मोटारीच्या टपावर तीन सायकली बसतील का. मी कालपासून कॅरिअरच्या दुकानांत हिंडतो आहे, आणि आजीने गाद्या उन्हात घातल्या आहेत.