कूर्चेचे यांत्रिक गुणधर्म

कूर्चा (अन्य नावे: उपास्थी, कास्थी) ही हाडापेक्षा मऊ व लवचीक अशी संयोजी ऊती आहे. नाक, बाह्यकर्ण व श्वासनलिका येथे ती आढळते. गुडघ्यासारख्या सांध्यात हाडांच्या टोकांवर तिचा काही मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत थर असतो. या लेखात सांध्यातील कूर्चा ताण व दाब कशी सहन करते, याचे विवेचन केले आहे.

रचना
कूर्चेच्या वजनापैकी सुमारे ६५ ते ८० टक्के पाणी असते. उरलेला भाग मुख्यतः कोलॅजेनचे तंतू आणि प्रोटिओग्लायकन या मोठ्या रेणूंचा असतो. पेशी विरळ असतात. पृष्ठभागालगतचे तंतू पृष्ठभागाला समांतर, तर खोलवरचे हाडाला काटकोनात असतात.

ताण
सैल अवस्थेत तंतू नागमोडी असतात. ओढ बसताच ते प्रथम सरळ होतात, म्हणून कूर्चा सुरुवातीला सहज लांबते. तंतू सरळ झाल्यावर मात्र ती ताठ होते आणि ओढ फार वाढल्यास फाटते.

दाब
दोराने ओढता येते, ढकलता येत नाही. तसेच केवळ तंतूंना दाब पेलत नाही. ते काम पाणी करते. प्रोटिओग्लायकनवर ऋण विद्युतभार असल्याने ते आयन व पाणी धरून ठेवतात आणि फुगू पाहतात. कोलॅजेनचे जाळे त्यांना आवळून धरते. पाऊल टेकताच पाण्यावर दाब येतो, पण छिद्रे अतिसूक्ष्म असल्याने ते लगेच निसटत नाही आणि बहुतांश भार तेच उचलते. दीर्घकाळ उभे राहिल्यास पाणी हळूहळू झिरपून थर पातळ होतो. भार हटल्यावर ते पुन्हा शोषले जाते. व्हॅन मो व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये कूर्चेला घन व द्रव यांचे मिश्रण मानून हे वर्तन गणिताने मांडले.

दाबलेली कूर्चा बाजूंना पसरू पाहते व तंतूंवर ताण येतो. म्हणजेच दाब सोसण्याची तिची क्षमता ताण सोसणाऱ्या जाळ्यावर अवलंबून असते.

ऱ्हास
जाळे तुटल्यास कूर्चेत जास्त पाणी शिरते, ती मऊ पडते आणि झीज वाढत जाते. अस्थिसंधिवातात हेच घडते. कूर्चेत मज्जातंतू नसल्याने आरंभीची झीज जाणवत नाही, आणि रक्तवाहिन्या नसल्याने ती सहसा भरून येत नाही. एकदा नष्ट झालेली कूर्चा पूर्ववत होत नाही, असे निरीक्षण विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदवले होते. पेशींना पोषण सांध्यातील द्रवातून मिळते आणि हालचालीमुळे त्या द्रवाची ये-जा होत राहते. म्हणून सांध्याची नियमित, माफक हालचाल कूर्चेसाठी आवश्यक असते.